पत्रिकांच्या पाठीवरचे शब्द

सातव्या पायरीला लेस कमी पडली, आणि तीसुद्धा अगदी मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी.

"निहार, दुसरं बंडल दे," सिद्धी स्टुलावरून म्हणाली. "आणि धावू नकोस. खाली समया आहेत."

नवरात्रातली अष्टमी होती. शाळांना दसऱ्याची सुट्टी होती. कस्तुरीच्या घरी दरवर्षीप्रमाणे बाहुल्या मांडल्या होत्या, म्हणजे बंगळुरात ज्याला बोंबे म्हणतात त्या. पेट्या आणि ट्रंका एकावर एक रचून, त्यांच्यावर पांढरी धोतरं पसरून सात पायऱ्या केल्या होत्या. त्यांवर राजा-राणी, वाणी, वाजंत्री, दशावतार असे सगळे दाटीवाटीने उभे. पण सकाळी मांजराने पायऱ्यांच्या कडेची लेस ओढून काढली होती, आणि उद्या नवमीला बघायला बायका येणार होत्या. म्हणून आजच फोर्थ ब्लॉकच्या दुकानातून आणलेली नवी लेस लावायचं काम तिघांकडे आलं होतं.

सिद्धी तेरा वर्षांची. निहार तिचा धाकटा भाऊ, दहाचा. वडिलांना सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून दोघं जूनमध्ये पुण्याहून इथं जयनगरला आली आणि कस्तुरीच्या घरी वरच्या मजल्यावर राहू लागली. कस्तुरी सिद्धीपेक्षा सहाच महिन्यांनी लहान, तरी तिला अक्का म्हणायची. तिच्या घराण्याला बंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली होती.

"स्वल्प थांब," कस्तुरी म्हणाली. "टाचण्या संपल्या."

"तीनशे वर्षं झाली तरी तुला 'जरा थांब' म्हणता येत नाही," निहार म्हणाला.

"तीनशे वर्षं झाली म्हणूनच म्हणते. तू चार महिन्यांत 'बरं' सोडून 'सरी, सरी' करायला लागलास, ते काय?"

निहारने खाली बसून लेस उलगडायला घेतली. लेस एका जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेली होती. शेवटचे वेढे सुटले आणि त्याच्या हातात एक फिकट गुलाबी लग्नपत्रिका आली. कोपऱ्यात कमळ, खाली वधूवरांची नावं. त्याने ती सहज उलटली.

मागे मोठ्या अक्षरात एकच शब्द होता. 'ना'. वरच्या कोपऱ्यात आकडा, सत्त्याऐंशी. खाली सात ओळी, आणि प्रत्येक ओळ वेगळ्या हातातली, बहुतेक वेगळ्या लिपीतली. कुठे गोल गोल गाठी, कुठे चौकटी आणि काड्या, कुठे उलटी वाटणारी इंग्रजी अक्षरं. प्रत्येक ओळीपुढे बारीक, टोकदार मराठीत अर्थ लिहिलेला. निहार मोठ्याने वाचू लागला.

"मराठी, नकार. शिवाय 'येतोस ना' मधला आग्रह. कन्नड, मी. कोरियन, मी. थाई, भातशेत. जपानी, नाव. स्वाहिली, आणि. रशियन, घे." तो थांबला. "एकाच शब्दाचे एवढे अर्थ? आणि कन्नडवाले नि कोरियावाले दोघंही 'मी'च म्हणतात?"

कस्तुरीने पत्रिका त्याच्या हातातून घेतली आणि खिडकीपाशी नेऊन पाहिली.

"हे अण्णांचं अक्षर आहे," ती म्हणाली.

अण्णा म्हणजे नरसिंहराव, तिचे आजोबा. घरातले सगळेच, नातवंडंसुद्धा, त्यांना अण्णाच म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर. टपाल कचेरीत परदेशी पार्सलांच्या खिडकीवर त्यांनी बत्तीस वर्षं काम केलं होतं. त्या खिडकीवर कोण कोण येई. शिकायला आलेली केनियाची मुलं, थाई भिक्षू, कोरियाच्या सिस्टर, कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले रशियन. पार्सलाचं वजन होईपर्यंत अण्णा प्रत्येकाला एक प्रश्न विचारत: हा एवढासा शब्द तुमच्या भाषेत आहे का, आणि असला तर काय आहे? रांगेतल्या माणसाला वेळ नसतो, म्हणून शब्द नेहमी एकाक्षरीच. उत्तर ज्याचं त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या लिपीत लिहायचं. आणि लिहायला अण्णांच्या खिशात जुन्या लग्नपत्रिका असायच्या, कारण त्या कडक असतात, एका बाजूने कोऱ्या असतात आणि एवढ्या मोठ्या गोतावळ्यात कधी संपत नाहीत.

असे चारशे बारा शब्द जमले होते. म्हैसूरच्या एका संस्थेतल्या प्रमोदिनीबाई ते पाहायला परवा, दसऱ्याच्या दिवशी चार वाजता यायच्या होत्या. त्यांना पसंत पडलं तर त्याचं पुस्तक निघणार होतं. अण्णांनी दोन वर्षं पत्रव्यवहार केला होता. सदरा आत्ताच इस्त्री करून खुंटीला लावला होता.

"पण मग ही लेसच्या दुकानात कशी गेली?" सिद्धीने विचारलं. "अण्णा पत्रिका ठेवतात कुठे?"

कस्तुरीने बोट दाखवलं. खालून तिसरी पायरी. धोतराखाली होती ती अण्णांची काळी पत्र्याची पेटी.

निहार गुडघ्यांवर बसला आणि त्याने पेटीच्या बाजूवर टिचकी मारली. ठण्ण. त्याने शेजारच्या ट्रंकेवर मारली, तिच्यात गोधड्या होत्या. ढप. पुन्हा पेटीवर. ठण्ण.

पेटी रिकामी होती.

बाहेर व्हरांड्यात अण्णा स्वतःशीच पुटपुटत परवाच्या बोलण्याची तयारी करत होते. बोंबे एकदा मांडल्या की दसऱ्यापर्यंत पायऱ्या हलवायच्या नसतात, म्हणून पेटी उघडण्याचा प्रश्नच आला नव्हता. आपले शब्द देवांच्या पायाखाली सुखरूप आहेत, अशी त्यांची खात्री होती.

पायऱ्या रचल्या होत्या रविकिरणकाकाने. कस्तुरीचा हा काका प्रेमळ होता, पण त्याला सगळं झटपट लागे. तिघांनी त्याला मागच्या अंगणात गाठलं तेव्हा तो उद्याच्या पूजेसाठी स्कूटर धूत होता. गुलाबी पत्रिका पाहून आधी तो म्हणाला, असेल कुठली तरी. मग अक्षर पाहून त्याने पाइप खाली टाकला.

झालं होतं ते असं. पेटी एकट्याला उचलवेना. उघडून पाहिली तर जुन्या लग्नपत्रिका. कोणाकोणाच्या, कधीकधीच्या. त्याने एकही उलटून पाहिली नाही. गोणीत भरल्या, रद्दीवाल्याला दिल्या आणि हलकी झालेली पेटी तिसऱ्या पायरीला लावली.

"आता अण्णांना काय सांगायचं?" कस्तुरी रडवेली झाली होती.

काकाने थोडा विचार केला. मग म्हणाला, वाळवी लागली म्हणून सांगू. वाळवीवर कोणी रागावत नाही.

"आम्ही नाही सांगणार तसं," सिद्धी म्हणाली. "आणि तुम्हीही सांगायचं नाही, काका. ही एक सापडली आहे. बाकीच्याही कुठेतरी असतीलच. आधी शोधू. सापडल्या तरी, नाही सापडल्या तरी, पेटीचं झाकण उघडायच्या आधी तुम्ही अण्णांना खरं सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग मी सांगेन," निहार म्हणाला. "मला कुठलीच गोष्ट पोटात ठेवता येत नाही. सिद्धीला विचारा."

सिद्धीने मान हलवली. काका हरला.

मुलं जेवायला वर गेली तेव्हा तिघं गप्प होती. मुलं गप्प झाली की सिद्धीच्या आईला, श्रीविद्याला, धडकी भरायची. तिने ताटं वाढली आणि कोणाला काय लागलंय, कुठे पडलात, असं विचारलं. मग निहारने सगळं सांगून टाकलं. श्रीविद्याने ऐकून घेतलं. जायला तिने नाही म्हटलं नाही, पण अटी घातल्या. रविकिरणभावजी पूर्णवेळ बरोबर हवेत. प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवरून फोन. पाणी घरचं, उकळलेलं. रस्ता ओलांडताना निहारचा हात कोणाच्या तरी हातात. निहारने तोंड वाकडं केलं, तर तिने पाण्याची बाटलीही त्याच्याच गळ्यात अडकवली.

दुपारी चौघं फोर्थ ब्लॉकच्या दुकानात गेली. दुकानदाराने कुरकुर करत लेसचा खण पुढ्यात ओढला. तिघांनी प्रत्येक बंडलाच्या कडेतून आत डोकावून पाहिलं. चाळीस बंडलांपैकी दहांवर अण्णांचं अक्षर होतं. 'का' सापडला, मराठीत प्रश्न, जपानीत डास, थाईत कावळा. दुकानदाराने अट घातली की लेस सुटी ठेवायची नाही. मग त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्याचे तुकडे कापून तिघांनी दहाही बंडलं नव्याने गुंडाळून दिली. रविकिरणकाकाने एक गुंडाळायला घेतलं आणि स्वतःच्या मनगटाला गुंतवून घेतलं. त्याला सोडवण्यात पाच मिनिटं गेली.

सिद्धी मात्र त्या दहा पत्रिका पुन्हा पुन्हा पालथ्या-उताण्या करत होती.

"काय शोधतेस, अक्का?"

"कस्तुरी, तुमच्याकडे लग्नपत्रिकेवर काय छापतात?"

"गणपती. नाहीतर व्यंकटरमण."

"प्रत्येक वेळी?"

"बहुतेक वेळी. कधी कधी नुसतं कमळ, नाहीतर केळीचे खांब."

"मग बघ." तिने दहाही काउंटरवर मांडल्या. कमळ, कलश, मोर, केळीचे खांब. "दहांत एकही देव नाही. अकरावी आपली, तिच्यावरही कमळ. गणपतीच्या पत्रिका तर सगळ्यात जास्त असायला हव्यात ना? त्या गेल्या कुठे?"

निहारला वाटलं त्या फाडून टाकल्या असतील. कस्तुरीने लगेच कानांना हात लावले. गणपतीचं चित्र कोणी फाडत नाही. तिची आई कॅलेंडरसुद्धा वर्ष संपलं तरी फाडत नसे, बाजूला ठेवून देत असे.

"तेच म्हणतेय मी," सिद्धी म्हणाली. "कोणीतरी त्या बाजूला ठेवल्या आहेत."

दुकानदाराला एवढंच माहीत होतं की बंडलं यशवंतपूरहून येतात. मंडईच्या मागच्या गल्लीत सकवारबाई म्हणून आहेत, त्या घरी चार बायका बसवून लेस गुंडाळून देतात. रद्दीवाले जाड पुठ्ठा वेगळा काढून त्यांनाच विकतात.

दुसऱ्या दिवशी नवमी. बसने मॅजेस्टिक, तिथून दुसऱ्या बसने यशवंतपूर. श्रीविद्याला दोन फोन झाले. आयुधपूजेचा दिवस, त्यामुळे मंडईतल्या सगळ्या लॉऱ्यांना केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, आणि प्रत्येक लॉरीपुढे कुंकू भरलेला कोहळा फोडलेला होता. निहार त्या कोहळ्यांवरून नेमका उड्या मारत चालला होता. त्याला सांभाळून चाल म्हणता म्हणता रविकिरणकाकाच एकावरून घसरला आणि लाल पँट घेऊन उठला.

सकवारबाईंचं घर सापडलं. दारात उभं राहून तिघं हळू आवाजात भांडत होती की आत कन्नडमध्ये कोणी बोलायचं. तेवढ्यात आतून आवाज आला.

"मराठीत बोला की. आणि पुण्याची कोण त्यात? पेपर वाचल्यागत बोलतीय."

सिद्धी लाजली. सकवारबाई बाहेर आल्या. साठीच्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू. त्यांच्या मागे खोलीत पाटावर कात्र्या, टाचण्या आणि लेस गुंडाळायचं हातचाक मांडलेलं होतं, सगळ्यांवर हळदकुंकू आणि एकेक फूल. आज कोणी कात्रीला हात लावणार नव्हतं.

कस्तुरीने सगळं सांगितलं. अण्णांची खिडकी, चारशे बारा शब्द, उद्या चार वाजता येणाऱ्या बाई. सकवारबाईंनी गुलाबी पत्रिका हातात घेतली, लांब धरून पाहिली. लिहिलेलं त्यांना वाचता येत नव्हतं, पण सात वेगळे हात त्यांना दिसले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आम्ही पुढची बाजूच बघतो. देव आहे का नाही, एवढंच."

आणि मग सिद्धीचा तर्क बरोबर असल्याचं कळलं. गणपती, व्यंकटरमण, लक्ष्मी, कुठलाही देव असलेली पत्रिका सकवारबाई वापरत नसत. त्याला पिन टोचायची, लेसने आवळायचं, कोणाच्या शिवणाच्या डब्यात पायदळी येऊ द्यायचं? त्यांच्या हातून होणार नाही. अशा सगळ्या पत्रिका वर्षभर एका वेताच्या टोपलीत साठायच्या आणि नवरात्राच्या निर्माल्याबरोबर देवळाच्या कल्याणीत, म्हणजे पायऱ्यांच्या तळ्यात, सोडल्या जायच्या. वर्षाला पन्नास-साठ निघत. या वेळी एका गोणीतून इतक्या निघाल्या की टोपली भरून वाहिली.

"टोपली कुठाय?" तिघांनी एकदम विचारलं.

सकवारबाईंचा चेहरा उतरला. त्यांचा भाऊ सयाजी ती घेऊन दहा मिनिटांपूर्वीच कल्याणीवर गेला होता.

पुढचं धावणं निहारला जन्मभर आठवेल. सकवारबाईंनी दाखवलेली गल्ली, गुळाच्या ढेपांची दुकानं, लॉऱ्या, देवळाची भिंत. सिद्धीने त्याचा हात असा घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. कस्तुरी सगळ्यात पुढे. रविकिरणकाका सगळ्यात मागे, एका चपलेत.

कल्याणीच्या पायऱ्यांवर, पाण्यापासून दोन पायऱ्या वर, भरघोस मिशांचा एक धिप्पाड माणूस उभा होता. त्याने डोक्यावरची टोपली नुकतीच खाली ठेवली होती. झेंडूच्या माळांखाली पत्रिकांच्या कडा दिसत होत्या.

काका पुढे झाला. थांबायला सांगून, माफी मागून, नीट समजावून सांगायला हवं होतं. पण त्याला झटपट हवं होतं. तो टोपलीला हात घालत म्हणाला, "अहो, द्या इकडे. कागदच तर आहेत."

सयाजीने टोपली मागे ओढली.

"कागद? गणपती आहे यावर. देवाला सोडायला आणलेलं परत घरी नेतात होय? कुठल्या घरचे तुम्ही?"

काकाने मागे वळून कस्तुरीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की त्याच्यापाशी आता काही उरलं नाही. सयाजी पुन्हा टोपली उचलायला वाकला.

कस्तुरी दोन पायऱ्या उतरून त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभी राहिली. पायरी शेवाळलेली होती, म्हणून सिद्धीने मागून तिच्या फ्रॉकचा पट्टा धरून ठेवला.

"सयाजीअण्णा," ती म्हणाली, "अक्षता टाकल्या का तुम्ही?"

"आँ?"

"निरोपाच्या अक्षता. आणि 'पुनरागमनाय च' म्हटलंत का?"

सयाजीने मिशीवरून हात फिरवला. अक्षतांची पुडी त्याच्या खिशातच होती. आत्ता टाकणारच होतो, असं तो म्हणाला.

"म्हणजे अजून टाकल्या नाहीत. आमच्याकडेही बोंबे असतात. अक्षता पडल्याशिवाय आम्ही एक बाहुली हलवत नाही, कारण तोवर देव पाहुणे नसतात, घरचेच असतात. आता टोपलीतलेही घरचेच आहेत. घरच्या देवांना घरी नेता येतं."

सयाजी तिच्याकडे बघत राहिला. मग टोपलीकडे. मग वर देवळाच्या कळसाकडे, जणू तिथून कोणी काही सांगेल. वरच्या पायरीवर धापा टाकत सकवारबाई येऊन पोचल्या होत्या.

"पोरगी बरोबर बोलतीय, सयाजी," त्या म्हणाल्या. "निरोप झाला नाही तर पाठवणी कसली?"

सयाजीने खिशातली अक्षतांची पुडी काढली, पाहिली आणि परत खिशात घातली.

"पण मला कळू दे तरी," तो खाली बसत म्हणाला, "असं आहे काय यावर?"

निहारने टोपलीतून वरची एक पत्रिका उचलली. पुढे गणपती, मागे 'सू'. वाचता वाचता त्याला हसू आवरेना. लहान मुलं हा शब्द कशासाठी वापरतात ते अण्णांनी पहिल्याच ओळीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्याखाली एका तुर्की विद्यार्थ्याने लिहिलं होतं, पाणी. आणि त्याखाली स्पेनहून आलेल्या एका पाद्रीबाबांनी, त्यांच्या गावच्या बास्क भाषेत, आग.

"एकीकडे पाणी आणि एकीकडे आग?" सयाजी म्हणाला. "शब्द एकच?"

"एकच. आणि दोघांनी स्वतः लिहिलंय. ह्या त्यांच्या सह्या."

सयाजीने दोन्ही सह्यांवरून हलकेच बोट फिरवलं. मग त्याने झेंडूच्या माळा काढून तेवढ्याच पाण्यात सोडल्या, टोपली परत डोक्यावर घेतली आणि काकाला म्हणाला, "चला, कागदवाले. चप्पल शोधा तुमची."

टोपलीत तीनशे सहासष्ट निघाल्या. हातात आधीच्या अकरा होत्या. शिवाय सकवारबाईंच्या घरी, दुकानांत अजून न पाठवलेल्या बंडलांच्या पेटाऱ्यात, अण्णांच्या अक्षराच्या सोळा होत्या, पण त्यांच्यावर लेस गुंडाळलेली. नवमीला अवजार हलवायचं नाही. दसऱ्याला सकाळी पाट उचलला की पहिलं काम तेच करू, असं सकवारबाईंनी कबूल केलं. उरलेल्या कुठे कुठे विकल्या गेल्या होत्या, त्याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं.

दसऱ्याला बाराच्या सुमाराला सकवारबाई स्वतःच जयनगरला आल्या. पिशवीत सोळा पत्रिका, आणि त्यांच्यावर पिंजर लावलेली. ज्याच्यासाठी एवढी धावाधाव झाली तो माणूस त्यांना बघायचा होता.

अण्णा व्हरांड्यात इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. रविकिरणकाका त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मुलं दारामागे होती. श्रीविद्याही जिन्यात थांबली होती. काकाने एकदा वाळवी हा शब्द उच्चारलासुद्धा, पण तो लगेच थांबला, आणि मग खाली मान घालून त्याने पेटीपासून कल्याणीपर्यंत सगळं खरं सांगितलं. घसरून पडल्याचंही सांगितलं.

अण्णांनी पत्रिका मागितल्या. जमिनीवर चटई टाकून ते क्रमाने त्या लावू लागले. मुलंही बसली, सकवारबाईही बसल्या. दीड तास हेच चाललं. रांगेत जिथे आकडा तुटे तिथे अण्णा एक चिंचोका ठेवत. शेवटी एकोणीस चिंचोके झाले.

"पेटी जड होती, नाही?" त्यांनी काकाला विचारलं.

"हो, अण्णा."

"पुढच्या वेळी जड वाटलं तर मला हाक मार. दोघं मिळून उचलू."

अण्णा रागावले असते तर काकाला बरं वाटलं असतं. तो आत गेला आणि सगळ्यांसाठी स्वतः कॉफी करून घेऊन आला, साखर विसरून.

चारला पाच मिनिटं कमी असताना प्रमोदिनीबाई आल्या. पांढऱ्या केसांच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी चटईवरच बैठक मारली. पहिल्या वीस पत्रिका त्यांनी मनातल्या मनात वाचल्या. मग एकेक अर्थ हळूहळू मोठ्याने वाचू लागल्या. मग एकदा त्यांनी पत्रिका उलटली, आणि त्यानंतर प्रत्येकच उलटून पाहू लागल्या.

"नरसिंहराव, तुम्ही पत्रात हे लिहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"एका बाजूला जगभरच्या भाषा. आणि दुसऱ्या बाजूला बंगळुरातल्या मराठी घरांमधली बत्तीस वर्षांची लग्नं. नावं, गावं, छापखाने, सगळं. दोन्ही बाजू छापायला हव्यात."

अण्णांनी स्वतःही कधी पुढच्या बाजूचा विचार केला नव्हता. ते हसले, आणि बराच वेळ हसतच राहिले.

मग बाईंनी चिंचोक्यांबद्दल विचारलं. अण्णांनी काकाचं नाव घेतलं नाही. घरात पसारा झाला, पत्रिका बाहेर गेल्या, एवढंच म्हणाले. परत कशा आल्या ते मात्र त्यांनी मुलांना सांगायला लावलं. सिद्धीने देव नसलेल्या दहा पत्रिकांचं सांगितलं. निहारने पेटीच्या ठण्ण आवाजाचं, आणि काकाच्या चपलेचंही. कस्तुरी अक्षतांपर्यंत आली आणि अडखळली, तेव्हा सकवारबाईंनी ते पुढे सांगितलं, हातवारे करून, सयाजीच्या मिशीसकट.

प्रमोदिनीबाईंनी चष्मा काढला.

"मी तीस वर्षं मोठमोठ्या लोकांबरोबर हे काम करते आहे," त्या तिघांना म्हणाल्या. "कागद हरवल्यावर रडणारे पुष्कळ पाहिले. कागदाच्या मागे यशवंतपूरपर्यंत धावणारी तुम्हीच पहिली. आणि पुढची बाजू बघून मागची शोधणारी ही मुलगी तर मला आत्ताच हवी आहे."

सिद्धीचे कान लाल झाले. जिन्यात उभ्या असलेल्या श्रीविद्याने पदराने डोळे टिपले.

"पण ह्या एकोणीस जागांचं काय करायचं?" बाईंनी विचारलं. "ते शब्द सोडून द्यायचे?"

"नाही," अण्णा म्हणाले. "जागा रिकाम्या ठेवा. शब्द मला पाठ आहेत, पण माझ्या हाताने लिहून चालणार नाही. ज्याची भाषा त्याने लिहायला हवं. ह्या गावात अजून जगभरची माणसं येतात. मी आता खिडकीवर नाही, पण माझ्याकडे तीन माणसं आहेत."

त्यांनी एकोणीस शब्दांची यादी लिहिली आणि मुलांच्या हातात दिली. कस्तुरीने आईच्या कपाटातून कोऱ्या पाठीच्या पत्रिका आणल्या. सिद्धीने सांगितलं की बाबांच्या ऑफिसात दोन जपानी इंजिनियर आले आहेत. निहार म्हणाला, त्याच्या बसस्टॉपवर रोज एक सुदानचा दादा उभा असतो, पण त्याच्याशी कधी बोललो नाही.

अण्णांनी जिन्याकडे पाहिलं.

"श्रीविद्या, मुलं तुमची आहेत, म्हणून विचारतो. उद्यापासून ह्यांना कामावर घेऊ का?"

श्रीविद्याच्या डोळ्यांपुढे एकदम सगळे रस्ते, सगळ्या बस आणि सगळे अनोळखी चेहरे येऊन गेले. मग तिने चटईकडे पाहिलं. क्रमाने लावलेल्या तीनशे त्र्याण्णव पत्रिका, आणि त्यांच्या कडेला मांडी घालून बसलेली तीन मुलं. आतापासूनच कोणी कोणाला काय विचारायचं यावरून ती भांडत होती.

"किती वाजता पाठवू?" तिने विचारलं.